शेवटच्या घासाचं शास्त्र

कोसल देशाचा राजा प्रसेनजित एका बैठकीला द्रोणभर तांदळाचा भात खायचा. द्रोण म्हणजे इथे धान्य मोजायचं जुनं माप, पत्रावळीशेजारचा नव्हे. जेवण झालं की राजाला धाप लागायची. अशीच धाप लागलेली असताना तो एकदा बुद्धाच्या भेटीला गेला. बुद्धाने त्याला काय खाऊ नये याची यादी दिली नाही. जो सावध असतो आणि मिळालेल्या अन्नाचं प्रमाण ओळखतो त्याच्या व्याधी कमी होतात, तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक छोटी गाथा म्हटली, एवढंच. राजाने शेजारी उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला सांगितली आणि आपण जेवत असताना म्हणण्यासाठी त्याला रोजचे शंभर कार्षापण बांधून दिले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला, म्हणजे द्रोणाच्या मानाने अगदी थोडक्यावर.

संयुत्त निकायातली ही गोष्ट इथवरच आहे. धम्मपदावरच्या अट्ठकथेत मात्र तिला एक तपशील जोडलेला आहे, आणि तो वाचून मी थक्क झाले. गाथा म्हणायची ती राजा शेवटचा घास उचलेल तेव्हा. ती ऐकून राजाने तो घास खाली ठेवायचा. त्या घासात जितकी शितं, तितकेच तांदळाचे दाणे दुसऱ्या दिवशी कमी शिजवायचे.

आपल्या माहितीतलं प्रत्येक डाएट पहिल्या घासाआधी सुरू होतं: हे चालेल, ते चालणार नाही, इतक्या वाजता, इतक्या वाट्या. आणि इथे कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी शेवटच्या घासावर बोट ठेवलंय. ‘आता पुरे’ हा निरोप जिथे यायला हवा नेमका तिथे.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात ही कथा दूरची वाटू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केलं आणि पुढे त्याला मिलिंद हे नाव दिलं, त्या परिसराला नागसेनवन. विद्यापीठात पालीचा विभाग आहे, विद्यापीठामागच्या डोंगरात लेणी आहेत. आणि शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात सुजातेने पुढे बुद्ध झालेल्या तपस्व्याला खीर दिल्याचा प्रसंग रंगवलेला आहे. सहा वर्षं इतकं कमी खाल्लं की पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागायचा, आणि मग त्या माणसाने पुन्हा खायला सुरुवात केली. खाल्लं म्हणून त्याचे पाच साथीदार त्याला सोडून गेले. डाएटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून ज्यांनी कधी अंग काढून घेतलंय त्यांना या पाच जणांचे चेहरे ओळखीचे वाटतील.

वर्षानुवर्षं डाएट केलेल्या माणसाने पुन्हा भुकेच्या कलाने खायला शिकणं, याला जगभर ‘इंट्युइटिव्ह ईटिंग’ म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या एव्हलिन ट्रिबोले आणि एलिस रेश या दोन आहारतज्ज्ञांनी १९९५ साली याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांच्याकडे येणारी माणसं आखून दिलेलं पथ्य काटेकोर पाळायची, बारीक व्हायची आणि काही महिन्यांनी पुन्हा दारात उभी राहायची. भूक लागली की खा, पोट भरलं की थांबा, कुठल्याही पदार्थाला शत्रू मानू नका, मन उदास असेल तर त्याचा इलाज डब्यात शोधू नका, असं त्यांचं सांगणं. ऐकायला इतकं सोपं की राग यावा. पण ‘भूक लागली’ आणि ‘पोट भरलं’ ही दोन वाक्यं शरीर नेमकी कशी म्हणतं, ते बघायला गेलं की तोंडात बोट जातं.

१९१२ साली हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्याचा विद्यार्थी वॉशबर्न चक्क फुगा गिळून बसला. फुग्याला नळी, नळीचं दुसरं टोक कागदावर रेघ काढणाऱ्या यंत्राला. भुकेची कळ आली की वॉशबर्नने कळ दाबायची, म्हणजे त्याचीही खूण कागदावर उमटायची. दोन्ही रेघा जुळल्या. रिकामं पोट आकुंचन पावत होतं तेव्हाच त्याला भूक जाणवत होती. प्रश्न सुटला असं वाटलं. पण पुढे ज्यांचं जठर शस्त्रक्रियेने काढून टाकलंय अशा माणसांनाही भूक लागते हे दिसलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पोटात कावळे ओरडतात हे खरं, पण कावळ्यांना बोलावतं कोण?

त्याचं उत्तर यायला जवळजवळ शतक लागलं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला लेप्टिन हे संप्रेरक सापडलं, आणि १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांच्या गटाला घ्रेलिन. घ्रेलिन मुख्यतः जठरातून येतं. जेवणाच्या नेहमीच्या वेळेआधी रक्तात चढतं, जेवलं की उतरतं. रोज एक वाजता जेवणाऱ्याला एकच्या सुमारास भूक लागते ती यामुळेही. लेप्टिनचा कारभार निराळा. ते चरबीच्या पेशींतून निघतं आणि मेंदूला साठ्याची खबर देत राहतं, कणगीत दाणे किती उरलेत हे घरातल्या म्हातारीला न बघता ठाऊक असतं तसं. ज्या चरबीला आपण आयुष्यभर नावं ठेवतो ती गप्प पडून राहिलेली नसते. ती सतत मेंदूशी बोलत असते.

आता डाएट सुरू केल्यावर काय होतं ते बघा. चरबी घटते, लेप्टिन त्याहून वेगाने घटतं, आणि मेंदूला खबर जाते की दुष्काळ पडलाय. लग्नासाठी चार किलो कमी करायचेत हे त्याला कोणी कळवलेलं नसतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली ५० जाड माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार देऊन त्यांचं वजन उतरवलं होतं. वर्ष उलटल्यावरही त्यांच्या रक्तातली भुकेची संप्रेरकं पूर्वपदावर आलेली नव्हती, आणि माणसांनाही भूक पूर्वीपेक्षा जास्तच जाणवत होती. वर्षभर! ‘तुझ्यात चिकाटीच नाही’ असं ज्यांना घरादाराने ऐकवलंय त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

यातला सगळ्यात विलक्षण प्रयोग मात्र १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात सुरू झाला. महायुद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा खायला कसं घालायचं हे शोधण्यासाठी आन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण निवडले. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेली, स्वखुशीने आलेली मुलं ती. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १,५७० कॅलरी दिल्या: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय भरपूर चालायचं. त्यांचं वजन जवळपास पाव हिश्शाने उतरलं. पण कीजच्या दोन जाडजूड खंडांच्या ग्रंथात थक्क करतं ते वजन नव्हे, त्या मुलांचं वागणं. त्यांना अन्नाखेरीज काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. जेवण तास तास लांबवू लागले, ताटल्या चाटू लागले, च्युइंगमची पाकिटंच्या पाकिटं संपवू लागले. आणि नंतर जेव्हा हवं तेवढं खायची मुभा मिळाली तेव्हा काही जण दिवसाला पाच हजारांहून जास्त कॅलरी खात होते आणि पोट तट्ट भरूनही भूक आहे असंच सांगत होते.

१,५७० हा आकडा पुन्हा वाचा. आपल्याकडे फ्रिजवर चुंबकाने लावलेल्या कित्येक डाएट चार्टांवर १,२०० लिहिलेलं असतं. ती मुलं पुरुष होती, अंगाने मोठी होती, त्यामुळे तुलना सरळ लावता येत नाही हे कबूल. पण यूट्यूबवर पनीर मसाल्याचे व्हिडिओ बघत काकडी खाणारी बाई मला त्या छत्तिसांची सख्खी बहीण वाटते. मीही त्याच घरातली. पाककृतींची कात्रणं मी सगळ्यात जास्त जमवली ती ज्या वर्षांत सगळ्यात कमी जेवत होते तेव्हा.

बरं, भुकेची कहाणी पोट आणि चरबी इथेच थांबत नाही. १९९८ साली मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या इजेमुळे स्मृती गेलेल्या दोन माणसांना दुपारचं जेवण दिलं. त्यांनी ते संपवलं. ताट नेलं, दहा ते तीस मिनिटांनी दुसरं आणून ठेवलं. तेही त्यांनी खाल्लं, आणि बहुतेक वेळा तिसऱ्यालाही हात घातला. जेवल्याचं आठवतच नव्हतं! म्हणजे तृप्तीला साक्षीदार लागतो, आणि तो आठवण असतो. टीव्ही बघत जेवलेल्यांना दुपारनंतर बिस्किटं जास्त लागतात असं इंग्लंडमधल्या एका प्रयोगात दिसलं, आणि त्यांना दुपारचं जेवणही नीट आठवत नव्हतं. मोबाइल समोर धरून जेवणाऱ्या पोराला आई ‘ताटाकडे बघ’ म्हणते, ती नकळत याच साक्षीदाराला जागं करत असते.

आता आपल्या घरातलं भांडण. साधारण २०१८ च्या आसपास महाराष्ट्रात दोन पंथ पडले होते. डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगावी पोचवलेली पद्धत म्हणे दिवसातून दोनदाच खा, ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर म्हणत दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा, तूप-भाताला घाबरू नका. एकाच घरात सासू दीक्षितांची आणि सून ऋजुताची, असा प्रकार होता. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका घड्याळं बघायच्या. विनोद पुष्कळ झाले. पण दोघांचं मूळ म्हणणं शांतपणे ऐकलं तर गंमत दिसते. दीक्षितांची पहिली पायरी ५५ मिनिटांची नाहीच, कडकडून भूक लागते त्या आपल्या दोन वेळा आधी ओळखा, ही आहे. आणि दिवेकर सांगतात, किती खावंसं वाटतंय ते मनात आणा, त्याच्या निम्मं वाढून घ्या, दुप्पट वेळ लावून खा, तरीही भूक असेल तर पुन्हा तसंच घ्या. एकजण जेवणाच्या सुरुवातीला कान द्यायला सांगतो, दुसरी शेवटाला. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरता फिरता भूक गळून पडली आणि मिनिटं तेवढी उरली. आकडा पुढे ढकलायला सोपा असतो.

आणि आकडा मोडला की माणूस काय करतो? १९७५ सालचा हर्मन आणि मॅक यांचा प्रयोग आहे. विद्यार्थिनींना मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीमची ‘चव तपासायला’ सांगितली. डाएट न करणाऱ्या मुलींनी शेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं, जे साहजिकच आहे. डाएट करणाऱ्यांनी मात्र शेक न पिता खाल्लं असतं त्याहून जास्त खाल्लं. आजचा दिवस बाटलाच आहे, मग सोडायचं कशाला? चतुर्थीचा उपास चुकून मोडल्यावर आपल्या घरात हेच चालतं.

भूक आणि तृप्ती यांचं घड्याळ नैसर्गिक गतीने चालताना बघायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत आमच्या मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतावर हुरडा खायला या. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात खुपसलेली कोवळ्या ज्वारीची कणसं. भाजणारा ती काढतो, हातावर चोळतो, फुंकर घालतो, आणि तुमच्या ओंजळीत हिरवट, गरम, वाफाळलेला मूठभर हुरडा पडतो. सोबत शेंगदाण्याची नाहीतर लसणाची चटणी, गुळाचा खडा, दही. मग थांबायचं, कारण पुढचं कणीस अजून भाजतंय. गप्पा होतात, धूर डोळ्यांत जातो, पुन्हा मूठभर येतो. जठर ताणल्याची खबर मज्जातंतूंतून, आणि आतड्यातून सुटलेल्या संप्रेरकांची खबर रक्तातून मेंदूपर्यंत जायला आणि तिचा जोर चढायला वीसेक मिनिटं तरी लागतात. हुरड्याच्या आगटीभोवती ती खबर वेळेवर पोचते. कोणी मोजत नाही, तरी सगळ्यांचे हात आपापल्या वेळी थांबतात. तेच लोक रात्री लग्नाच्या बुफेला दहा मिनिटांत ताट भरून खातात आणि मग सोडा शोधत हिंडतात.

थांबायला आपल्याला जड का जातं, याचं एक कारण मात्र हॉर्मोनांच्या पुस्तकात नाही. आमच्या भागातल्या सत्तरीपुढच्या माणसाला १९७२ चा दुष्काळ विचारा. दुष्काळी कामावर खडी फोडलेली असते, वाटलेली सुकडी खाल्लेली असते, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी गिळलेल्या असतात. त्या पिढीने ‘ताटात टाकायचं नाही’ हा कायदा केला तो पोट भरल्याच्या खुणेपेक्षा मोठा धडा शिकल्यावर. त्यामुळे आजी ‘अजून अर्धी घे’ म्हणते तेव्हा तिला इंट्युइटिव्ह ईटिंगचं प्रवचन देऊ नये. मी उरलेली अर्धी भाकरी झाकून ठेवते, सकाळी दुधात कुस्करते. कायदा मोडत नाही.

तर पुन्हा शिकायचं ते काय? आधी भूक दबवायची नाही. चरकसंहितेत जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितलेत त्यांत शिंक, जांभई, झोप यांच्या रांगेत भूकही बसलेली आहे. शिंक आली तर आपण घड्याळ बघत नाही. वर्षानुवर्षं भूक मारलेल्यांना सुरुवातीला ती जाणवतच नाही, आणि जाणवते तेव्हा एकदम वाघासारखी अंगावर येते. मधल्या पायऱ्या, म्हणजे चिडचिड, जांभया, कामात लक्ष न लागणं, हात आपोआप डब्याकडे जाणं, या हळूहळू ओळखीच्या होतात. मग जेवताना मध्येच हात थांबवून चव अजून पहिल्या घासाइतकीच लागतेय का ते बघायचं. ती उतरत जाते, हे शरीराचंच काम आहे. काही दिवस वेडंवाकडं खाल्लं जातं. मिनेसोटाची मुलंही खातच सुटली होती.

यावर अर्थातच आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. शिकागोच्या डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२० आणि ३० च्या दशकांत नुकतीच अंगावरून सुटलेली पंधरा बाळं वाढवली, समोर साध्या पदार्थांचे वाडगे ठेवून आणि काय खायचं ते पूर्णपणे बाळांवर सोडून. बाळं दणकट झाली. मुडदूस झालेल्या एका बाळाने तर कॉड माशाच्या यकृताचं तेल आपणहून प्यायलं आणि बरं झाल्यावर सोडून दिलं! पण डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून टाकलं की खरी हुशारी पदार्थांच्या यादीत होती. त्यात साखर नव्हती, कारखान्यातून आलेलं काही नव्हतं. २०१९ मध्ये केव्हिन हॉल यांनी अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे कारखानी अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तितकं खाऊ दिलं. कारखानी अन्नावर ती माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. भुकेचा कान शाबूत असला तरी त्याला फसवणारे पुड्यांत भरून मिळतात.

दुसरं, आपण भारतीय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणजे वजनकाटा आपल्याला दोन्ही बाजूंनी चकवतो. काट्याचं भय सोडलं तरी साखर आणि रक्तदाब तपासायचे राहतातच. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावंच लागतं, नाहीतर साखर खाली जाऊन चक्कर येण्यावर निभावलं तरी नशीब. आणि खाण्यावरून मन सतत पोखरत असेल तर ते एकट्याने सोडवायचं काम नव्हे.

सगळ्यात अवघड कलम मात्र कुठल्याही पदार्थाला शत्रू न मानण्याचं. आमच्या शहरात शत्रू फार चविष्ट आहेत. हळदीने पिवळाधमक रुमालाएवढा नान आणि लाल तर्रीचा कलिया. गुलमंडीवरची इमरती, कढईतून पाकात आणि पाकातून कागदावर. अशा गोष्टींना मोकळं रान दिलं तर आपण थांबणारच नाही अशी खात्री असते. इथे अमेरिकेतला आणखी एक प्रयोग कामी येतो. २०११ साली एपस्टाइन यांनी बायकांना मॅकरोनी-चीज दिलं, काहींना पाच दिवस रोज, काहींना आठवड्यातून एकदा असं पाच आठवडे. रोज मिळणाऱ्यांचं खाणं कमी कमी होत गेलं. आठवड्याला मिळणाऱ्यांचं तसं झालं नाही. दर रविवारच्या ‘चीट डे’ला पदार्थाची नवलाई कशी टिकून राहते ते यावरून कळावं.

मी इमरतीला मोकळीक दिली. पहिल्या काही वेळा वाईट अवस्था होती, ते सांगत बसत नाही. परवा गुलमंडीवर गेले तर इमरतीपुढे मोठी रांग. थोडा वेळ उभी राहिले, ऊन लागायला लागलं, मग म्हटलं जाऊ दे, आणि शेजारच्या गल्लीतून मेथीची जुडी घेऊन घरी आले. माझ्या नवऱ्याला मात्र इमरती हवी होती, त्यामुळे संध्याकाळी तो पुन्हा गेला.